ऑक्सिडक आणि क्षपणकांच्या बलाची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडॉक्सचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीच्या अभिक्रियांचा, धडा शिकवताना एक प्रश्न दर वर्षी येतो : "या दोघांत जास्त बलवान कोण?" विद्यार्थ्यांना विभवांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीच्या आकड्यांचा, तक्ता बऱ्याचदा पाठ असतो. त्या आकड्यांवरून काय ठरते आणि काय ठरत नाही, हे मात्र निसटलेले असते. पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे मुद्दाम लांबवली आहेत, कारण तिथे घाई केली की पुढचे सगळेच चुकत जाते.

ऑक्सिडक कोण आणि क्षपणक कोण, हे कसे लक्षात ठेवायचे?

इलेक्ट्रॉन घेतो तो ऑक्सिडक, देतो तो क्षपणक. घोळ नावामुळे होतो. ऑक्सिडक दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) घडवतो आणि त्यात स्वतः क्षपित होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवतो. क्षपणकाचे याच्या उलट. म्हणजे नाव पडले आहे ते दुसऱ्याचे काय केले यावरून.

जस्ताची पट्टी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात ठेवा. थोड्या वेळात पट्टीवर तांबूस-तपकिरी थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडत जातो. जस्ताने इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या आयनाने घेतले. इथे जस्त क्षपणक आणि तांब्याचा आयन ऑक्सिडक. "तांबे ऑक्सिडक" असे लिहिले तर ते चूक आहे. तांबे धातू आणि तांब्याचा आयन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुढे जवळजवळ प्रत्येक उत्तरात लागणार आहे.

बलवान म्हणजे नेमके काय? एखाद्या पदार्थाचे बल एकट्याने सांगता येते का?

नाही, आणि सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. इलेक्ट्रॉन घेणारा असेल तर देणाराही लागतो, त्यामुळे बल हे नेहमी कोणाच्या तरी तुलनेत असते. तांब्याचा आयन जस्ताकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकतो, चांदीकडून घेऊ शकत नाही. मग तो बलवान की दुर्बल? जस्ताच्या आयनापेक्षा बलवान आणि चांदीच्या आयनापेक्षा दुर्बल, एवढेच सांगता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे बल पदार्थाचे नसते, जोडीचे असते. तांब्याचा आयन आणि तांबे, फेरिक आयन आणि फेरस आयन (लोखंडाचे अनुक्रमे तीन आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेले आयन), क्लोरीन आणि क्लोराइड अशा जोड्या. जोडीतला एक इलेक्ट्रॉन घेऊन दुसरा होतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन देऊन पहिला. यातूनच नियम निघतो : ऑक्सिडक जितका बलवान, तितका त्याच्या जोडीतला क्षपणक दुर्बल. क्लोरीन इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, म्हणून क्लोराइड आयन ते सहजी सोडत नाही. सोडियम इलेक्ट्रॉन चटकन देतो, म्हणून सोडियम आयनाला ते परत घ्यायला लावणे अवघड.

तक्ता हाताशी नसेल तर प्रयोगाने क्रम लावता येतो का?

येतो, आणि माझे मत असे की प्रत्येकाने आकड्यांकडे वळण्याआधी हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. जस्त, तांबे आणि चांदी या तीन धातूंचे तुकडे घ्या. झिंक सल्फेट, मोरचूद आणि सिल्व्हर नायट्रेट यांची द्रावणे घ्या. प्रत्येक धातू दुसऱ्या दोन द्रावणांत घालून पाहा.

जस्त दोन्हीकडे काम करते, मोरचुदातून तांबे आणि सिल्व्हर नायट्रेटमधून चांदी बाहेर पडते. तांबे झिंक सल्फेटमध्ये स्वस्थ पडून राहते, पण सिल्व्हर नायट्रेटमध्ये त्याच्यावर चांदीचे चकचकीत काटे उगवतात आणि रंगहीन द्रावण हळूहळू निळे होते. चांदी कुठेच काही करत नाही. म्हणजे क्षपणकांचा क्रम झाला जस्त, तांबे, चांदी. आणि त्यांच्या आयनांचा ऑक्सिडक म्हणून क्रम आपोआप उलटा : चांदीचा आयन सर्वांत बलवान, मग तांब्याचा, मग जस्ताचा.

हॅलोजनांचेही असेच होते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीनचे पाणी घातले की ब्रोमीन सुटून द्रावण नारिंगी-पिवळे होते. पोटॅशियम आयोडाइडमध्ये ब्रोमीनचे पाणी घातले तर आयोडीन सुटते. त्यात स्टार्च टाकला की गडद निळा रंग येतो. उलट बाजूने, म्हणजे आयोडीन घेऊन ब्रोमाइडवर, काहीच घडत नाही. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन असा ऑक्सिडकांचा उतरता क्रम हातात येतो.

परीक्षेत क, ख, ग अशी नावे देऊन क्रम विचारतात. ते कसे सोडवायचे?

एक नमुना घेऊ. क हा धातू ख च्या क्षाराच्या द्रावणातून ख ला बाहेर काढतो. क आणि ख दोन्ही विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन सोडतात, ग सोडत नाही.

प्रत्येक विधानाचे एकाच भाषेत रूपांतर करा : कोण कोणाला इलेक्ट्रॉन देऊ शकला? पहिल्या विधानात क ने ख च्या आयनाला दिले, म्हणून क हा ख पेक्षा बलवान क्षपणक. दुसऱ्यात क आणि ख यांनी हायड्रोजन आयनाला दिले, ग देऊ शकला नाही. क्रम : क, ख, हायड्रोजन, ग. सर्वांत बलवान ऑक्सिडक विचारला असेल तर उत्तर "ग चा आयन" असे लिहा. नुसते "ग" लिहिले तर सगळे बरोबर करूनही उत्तर चुकले.

प्रमाण क्षपण विभव म्हणजे काय? आणि हायड्रोजनचे शून्य का?

प्रयोगाने क्रम कळतो, अंतर कळत नाही. जस्त आणि तांबे यांच्यात किती फरक आहे? तो मोजण्यासाठी इलेक्ट्रॉनांना थेट उडी मारू द्यायची नाही, तारेतून न्यायचे. जस्त आपल्या द्रावणात, तांबे आपल्या द्रावणात, मध्ये क्षारसेतू (दोन द्रावणांना जोडणारी, क्षाराचे द्रावण भरलेली नळी), आणि दोन धातूंमध्ये व्होल्टमापक. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली बनवलेला विद्युत घट याच जोडीवर चालतो. प्रमाण स्थितीत (२५ अंश सेल्सिअस आणि द्रावणांची संहती, म्हणजे लिटरमागचे प्रमाण, एक मोल) व्होल्टमापक १.१० व्होल्ट दाखवतो.

अडचण अशी की हा नेहमी दोन अर्ध्या भागांतला फरक असतो. एकट्या अर्ध्या भागाचे विभव मोजायची सोय नाही. म्हणून एका अर्ध्या भागाला शून्य मानायचे असे ठरले : २५ अंश सेल्सिअस तापमान, १ बार दाबाचा हायड्रोजन वायू, हायड्रोजन आयनाची एकक संहती आणि प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड. डोंगराची उंची आपण समुद्रसपाटीपासून सांगतो, तसेच हे. शून्य म्हणजे हायड्रोजनला बलच नाही, असा अर्थ कृपया काढू नका.

या शून्याच्या तुलनेत मिळणारे विभव म्हणजे प्रमाण क्षपण विभव. काही आकडे व्होल्टमध्ये असे : फ्लुओरीन अधिक २.८७, आम्लातील परमँगनेट अधिक १.५१, क्लोरीन अधिक १.३६, आम्लातील ऑक्सिजन अधिक १.२३, ब्रोमीन अधिक १.०७, चांदीचा आयन अधिक ०.८०, फेरिकचे फेरस होताना अधिक ०.७७, आयोडीन अधिक ०.५४, तांब्याचा आयन अधिक ०.३४, हायड्रोजन आयन शून्य, मग पुढच्या धातूंचे आयन : शिसे उणे ०.१३, लोखंड उणे ०.४४, जस्त उणे ०.७६, ॲल्युमिनियम उणे १.६६, मॅग्नेशियम उणे २.३७, सोडियम उणे २.७१ आणि लिथियम उणे ३.०४.

हा तक्ता वाचायचा कसा? उणे आकडा म्हणजे दुर्बल का?

हे सगळे आकडे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचे आहेत. आकडा जितका वर, तितका जोडीतला घेणारा बलवान. आकडा जितका खाली, तितका जोडीतला देणारा बलवान. म्हणून उणे ३.०४ वाचून लिथियम दुर्बल असे म्हणू नये. लिथियम आयन हा अत्यंत दुर्बल ऑक्सिडक आहे आणि म्हणूनच लिथियम धातू हा अत्यंत बलवान क्षपणक.

एखादी अभिक्रिया होईल का हे पाहायचे तर घेणाऱ्याच्या जोडीच्या विभवातून देणाऱ्याच्या जोडीचे विभव वजा करा. उत्तर अधिक आले तर प्रमाण स्थितीत अभिक्रिया त्या दिशेने जाऊ शकते. फेरिक आयन आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करेल का? ०.७७ वजा ०.५४, म्हणजे अधिक ०.२३. होय. ब्रोमाइडचे? ०.७७ वजा १.०७, उणे. नाही. फेरिक क्लोराइडचे द्रावण तांबे विरघळवते, तेही याच हिशोबाने : ०.७७ वजा ०.३४, अधिक ०.४३. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवरचे नको असलेले तांबे काढायला हेच द्रावण वापरतात.

जुन्या पुस्तकांत काही वेळा जस्तापुढे अधिक ०.७६ दिसते. ते पुस्तक चुकलेले नाही, त्यात ऑक्सिडीकरण विभव दिलेले असते आणि चिन्हे सगळी उलटी असतात. १९५३ साली स्टॉकहोम इथे क्षपणाच्या दिशेने लिहिलेले विभवच इलेक्ट्रोडचे विभव मानायचे असे ठरले. तक्ता हातात घेतला की आधी जस्ताचे चिन्ह पाहायची सवय लावा.

विभवातला फरक किती असला म्हणजे अभिक्रिया "पूर्ण" होते?

आकडे पाहिले की अंदाज येतो. जस्त आणि तांब्याच्या आयनात फरक १.१० व्होल्ट, त्यावरून येणारा समतोल स्थिरांक (अभिक्रिया किती पुढे जाऊन थांबते ते सांगणारा आकडा) जवळपास १० चा ३७ वा घात. म्हणजे मागे काही उरतच नाही असे म्हटले तरी चालेल.

आता चांदीचा आयन आणि फेरस आयन घ्या. ०.८० वजा ०.७७, फरक फक्त ०.०३ व्होल्ट. समतोल स्थिरांक सुमारे ३. चांदीचा आयन फेरसला फेरिक करतो खरा, पण अर्ध्या वाटेत थांबतो, आणि फेरिक आयन जास्त असेल तर चांदीच विरघळू लागते. शेजारी बसलेल्या जोड्यांबद्दल "हा बलवान, तो दुर्बल" असा ठाम निकाल देऊ नये. शिसे आणि कथील यांच्यातला फरक तर ०.०१ व्होल्टच्या आसपास आहे. तिथे संहती बदलली की दिशा बदलते.

परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतो, फ्लुओरीनचा रेणू दोनच. मग परमँगनेट जास्त बलवान का नाही?

किती घेतो आणि किती जोराने घेतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक मोल परमँगनेट आम्लात पाच मोल फेरसचे फेरिक करतो, ही त्याची क्षमता. बल म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागची ओढ, आणि ती फ्लुओरीनची जास्त.

म्हणूनच समीकरण जुळवताना अर्धअभिक्रियेला (फक्त घेण्याच्या किंवा फक्त देण्याच्या बाजूच्या समीकरणाला) २ ने किंवा ५ ने गुणले तरी विभवाला गुणायचे नाही. पाण्याचे दोन हंडे एकाच उंचीवर ठेवले म्हणून उंची दुप्पट होत नाही. ही चूक इतकी वेळा पाहिली आहे की मी आता समीकरण जुळवायच्या आधीच विभवांची वजाबाकी करून घ्यायला सांगतो.

दोन अर्धअभिक्रिया जोडून तिसरी अर्धअभिक्रिया बनवताना मात्र इलेक्ट्रॉनांची संख्या धरावीच लागते, कारण तिथे ऊर्जा जोडायची असते. फेरिकचे फेरस अधिक ०.७७ (एक इलेक्ट्रॉन) आणि फेरसचे लोखंड उणे ०.४४ (दोन इलेक्ट्रॉन). फेरिकपासून थेट लोखंडाचे विभव ०.३३ नाही. ०.७७ मधून दोनदा ०.४४ वजा करा आणि तीनने भागा, उत्तर येते सुमारे उणे ०.०४.

लिथियम तक्त्याच्या तळाशी आहे, तरी पाण्यात पोटॅशियमच पेट घेते. असे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने खरोखर विचार केलेला असतो. याच्या पोटात दोन प्रश्न आहेत.

पहिला : लिथियम तळाशी का? अणूपासून एक इलेक्ट्रॉन काढायला लिथियमला मोलमागे ५२० किलोज्यूल लागतात, सीझियमला फक्त ३७६. या हिशोबाने सीझियम फार पुढे असायला हवे. पण विभव मोजले जाते पाण्यात, आणि लिथियमचा आयन इतका लहान आहे की पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढतात. त्या जलयोजनात सीझियमच्या जवळपास दुप्पट ऊर्जा सुटते. वर गमावलेले इथे भरून निघते. म्हणजे "पाण्यातला बलवान क्षपणक" आणि "एकटा अणू म्हणून इलेक्ट्रॉन सहज सोडणारा" ही दोन वेगळी वर्णने आहेत.

दुसरा : मग पोटॅशियमच का भडकते? कारण विभव दिशा सांगते, वेग सांगत नाही. पोटॅशियम सुमारे ६३ अंशांना वितळते, अभिक्रियेच्या उष्णतेने लगेच गोळी होऊन तरंगते आणि ताजा पृष्ठभाग पाण्याला मिळत राहतो. लिथियम वितळायला १८० अंश लागतात. ते घनच राहते आणि सावकाश झिजते.

फ्लुओरीनची गोष्ट याच धाटणीची आहे. इलेक्ट्रॉन मिळाल्यावर क्लोरीनचा अणू मोलमागे ३४९ किलोज्यूल सोडतो, फ्लुओरीनचा ३२८. तरी ऑक्सिडक म्हणून फ्लुओरीन कितीतरी पुढे, कारण त्याच्या रेणूतला बंध कमकुवत आहे (१५८ किलोज्यूल, क्लोरीनचा २४२) आणि फ्लुओराइड आयनाचे जलयोजन जोरदार. एकाच आकड्यावरून बल ठरवू पाहणाऱ्याला हे दोन धडे पुरेसे आहेत.

विभव सांगते "होईल", परीक्षानळीत मात्र काहीच होत नाही. तक्ता चुकला का?

तक्ता बरोबर असतो. वाटेत अडथळा असतो. ॲल्युमिनियमचा तुकडा मोरचुदात टाका. फरक दोन व्होल्टचा, आणि तरी बराच वेळ काही दिसत नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. द्रावणात चिमूटभर मीठ टाकले की क्लोराइड आयन तो थर फोडतात आणि तांबे भराभर जमू लागते, भांडे गरम होते.

परमँगनेटचे विभव पाण्यातून ऑक्सिजन सोडवण्याइतके वरचे आहे, तरी त्याचे द्रावण गडद बाटलीत बराच काळ टिकते. ऑक्झॅलिक आम्लाबरोबरचे त्याचे अनुमापन (थेंबाथेंबाने मिसळून प्रमाण मोजणे) ६० ते ७० अंशांना करावे लागते, नाहीतर पहिल्या थेंबांचा रंग जाता जात नाही. एकदा मँगनीजचे आयन तयार झाले की तेच उत्प्रेरक बनतात आणि पुढचे थेंब पटापट रंगहीन होतात.

आम्ल घातल्याने ऑक्सिडकाचे बल का वाढते?

सगळ्यांचे वाढत नाही. ज्यांच्या अर्धअभिक्रियेत हायड्रोजन आयन खर्च होतो, त्यांचेच वाढते. परमँगनेटला पाच इलेक्ट्रॉनांबरोबर आठ हायड्रोजन आयन लागतात, म्हणून सामू (pH, आम्लता घटली की वाढणारा आकडा) एकने वाढला की त्याचे विभव सुमारे ०.०९५ व्होल्टने उतरते. सामू ० असताना १.५१, सामू ३ ला सुमारे १.२३, म्हणजे ब्रोमाइडवर चालेल, क्लोराइडवर नाही. सामू ६ ला एकच्याही खाली, म्हणजे फक्त आयोडाइडवर. तीन हॅलाइडे एकत्र असताना त्यांना एकेक करून वेगळे काढण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी हाच गुण वापरला आहे. तीव्र अल्कलीत तर परमँगनेट एकच इलेक्ट्रॉन घेऊन हिरव्या मँगनेटवर थांबतो आणि विभव ०.५६ वर येते. क्लोरीन आणि क्लोराइडच्या जोडीत हायड्रोजन आयन येतच नाही, त्यामुळे तिचे विभव सामूने हलत नाही.

परमँगनेटच्या अनुमापनात हायड्रोक्लोरिक आम्ल का वापरत नाहीत, याचेही उत्तर यात आले. १.५१ हे १.३६ पेक्षा जास्त. परमँगनेट क्लोराइडवरच खर्च होईल आणि मोजणी चुकेल. म्हणून विरल सल्फ्युरिक आम्ल.

संहतीने क्रम उलटतो का?

उलटतो, आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण क्लोरीनच्या शोधातच आहे. मँगनीज डायऑक्साइडचे विभव १.२३, क्लोरीनचे १.३६. वजाबाकी उणे येते. तरी कार्ल शेले यांनी १७७४ साली मँगनीज डायऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करूनच क्लोरीन मिळवला. कारण आम्ल संहत होते. हायड्रोजन आयन वाढल्याने मँगनीज डायऑक्साइडची ओढ वाढली, क्लोराइड वाढल्याने क्लोरीनच्या जोडीचे विभव उतरले, आणि तयार झालेला वायू निघून जात राहिल्याने परतीची वाट बंद झाली. विरल आम्ल घेतले तर क्लोरीन मिळत नाही.

किती बदल होतो याचा हिशोब वॉल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ साली दिला. २५ अंशांना संहती दहापट झाली की विभव ०.०५९ भागिले इलेक्ट्रॉनांची संख्या, इतके हलते. एक-दोन इलेक्ट्रॉनांच्या साध्या जोडीत हा बदल लहान असतो, म्हणून दूरच्या जोड्यांचा क्रम सहसा बदलत नाही. जवळच्यांचा बदलतो.

क्युप्रिक आयन आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करतो, आकडे तर नाही म्हणतात. कसे?

क्युप्रिकचे क्युप्रस होण्याचे विभव सुमारे ०.१५, आयोडीनचे ०.५४. हिशोबाने काही व्हायला नको. पण मोरचुदात पोटॅशियम आयोडाइड घातले की लगेच तपकिरी आयोडीन सुटते आणि पांढरट साका बसतो. तो साका क्युप्रस आयोडाइडचा. ते इतके अविद्राव्य आहे की क्युप्रस आयन तयार होताच द्रावणातून नाहीसा होतो. जोडी आता "क्युप्रिक आणि क्युप्रस" ही राहिली नाही, "क्युप्रिक आणि क्युप्रस आयोडाइड" झाली, आणि तिचे विभव सुमारे ०.८६. तांब्याचे प्रमाण मोजण्याची एक जुनी, भरवशाची पद्धत यावरच उभी आहे.

सोने आम्लराजात (संहत नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळते तेही असेच. एकटे नायट्रिक आम्ल (सुमारे ०.९६) सोन्याचे (१.५०) काही करू शकत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लातले क्लोराइड आयन सोन्याच्या आयनाला चौघे मिळून धरतात, सोन्याच्या जोडीचे विभव १.०० च्या आसपास उतरते आणि संहत नायट्रिक आम्लाला तेवढे पुरते. आम्लराजात ऑक्सिडकाचे बल वाढले असे अनेकजण लिहितात. मुख्य बदल सोन्याच्या बाजूला झालेला असतो.

ऑक्सिडीकरणांक जास्त म्हणजे बल जास्त, हे बरोबर ना?

नाही. ऑक्सिडीकरणांक म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले वा मिळवले असे मानून त्याला दिलेला अंक. नायट्रिक आम्लात नायट्रोजन अधिक ५, फॉस्फोरिक आम्लात फॉस्फरस अधिक ५. पहिले तांबे विरघळवते, दुसरे ऑक्सिडक म्हणून जवळजवळ निष्क्रिय. ऑक्सिडीकरणांक इतकेच सांगतो की आणखी इलेक्ट्रॉन घ्यायला जागा आहे की नाही. मूलद्रव्य आपल्या सर्वोच्च अंकाला असेल तर ते फक्त घेऊ शकते, सर्वांत खालच्या अंकाला असेल तर फक्त देऊ शकते.

मधल्या अंकाचे पदार्थ दोन्ही करतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आयोडाइडसमोर ऑक्सिडक असतो, आम्लातील परमँगनेटसमोर क्षपणक होऊन ऑक्सिजन सोडतो. समोर कोण आहे यावर त्याची भूमिका ठरते.

एकाच क्षपणकावर दोन ऑक्सिडक वापरून बलाची तुलना करता येते का?

येते. थायोसल्फेट घ्या. आयोडीन त्याला टेट्राथायोनेटपर्यंतच नेतो, म्हणजे गंधकाचा सरासरी अंक २ वरून २.५. क्लोरीन आणि ब्रोमीन त्यालाच थेट सल्फेटपर्यंत, अधिक ६ वर नेतात. लोखंड तापवून क्लोरीनमध्ये धरले तर फेरिक क्लोराइड बनते, गंधकाबरोबर तापवले तर फेरस सल्फाइड. बलवान ऑक्सिडक पुढच्या पायरीपर्यंत ओढत नेतो. हा पुरावा उपयोगी आहे, पण वेगाचाही त्यात वाटा असू शकतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या क्षपणकांना हाच तक्ता लागू होतो का?

फारसा नाही. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड आम्ले आणि एस्टर यांचेही क्षपण करतो, सोडियम बोरोहायड्राइड मुख्यतः अल्डिहाइड आणि कीटोन यांच्यावरच चालतो. पहिल्याला पाण्याचा स्पर्श झाला तरी तो भडकतो, दुसरा अल्कोहोलमध्ये वापरता येतो. तिथे "बलवान" म्हणजे कोणत्या गटापर्यंत पोहोचतो, आणि ते विभवापेक्षा हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) किती सहज सुटतो यावर ठरते.

सोडियमने पोटॅशियम कसे मिळवतात? पोटॅशियम तर जास्त बलवान क्षपणक आहे.

हे कारखान्यात रोज होते. वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे ८५० अंशांना सोडियमची वाफ सोडतात. तिथे पाणी नाही, २५ अंश तापमान नाही, म्हणजे तक्त्याच्या अटीच लागू नाहीत. पोटॅशियम सुमारे ७६० अंशांना उकळते, सोडियम ८८३ ला. जे थोडे पोटॅशियम तयार होते ते आधी वाफ होऊन निघून जाते आणि समतोल त्याच्या मागे ओढला जातो.

फ्लुओरीन सर्वांत बलवान, तर फ्लुओराइडपासून इलेक्ट्रॉन काढणार कोण? फ्लुओरीन मिळतो कसा?

नेहमीच्या तक्त्यातला कोणताही ऑक्सिडक हे करू शकत नाही, म्हणून विजेनेच इलेक्ट्रॉन ओढावे लागतात. पाण्यात तेही जमत नाही, कारण फ्लुओरीन पाण्याचेच ऑक्सिडीकरण करतो, त्याचे २.८७ हे विभवसुद्धा थेट मोजलेले नाही, इतर ऊर्जांवरून काढलेले आहे. आंरी मुआसाँ यांनी १८८६ च्या जूनमध्ये निर्जल हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये पोटॅशियमचे फ्लुओराइड विरघळवून विद्युत अपघटन केले आणि फ्लुओरीन वेगळा केला. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

विजेशिवाय, निव्वळ रासायनिक मार्गाने तो मिळवायला बरोबर १०० वर्षे लागली. १९८६ साली कार्ल क्रिस्ते यांनी पोटॅशियम हेक्झाफ्लुओरोमँगनेटवर अँटिमनी पेंटाफ्लुओराइडची क्रिया १५० अंशांना केली. यात फ्लुओरीनपेक्षा बलवान ऑक्सिडक कुठेच नव्हता. अँटिमनी पेंटाफ्लुओराइडने दोन फ्लुओराइड आयन काढून घेतले, मागे उरलेले मँगनीज टेट्राफ्लुओराइड अस्थिर होते, आणि त्याने फ्लुओरीन सोडून स्वतःला मँगनीज ट्रायफ्लुओराइडवर आणून ठेवले.